रेघेत गेलेला काना

अनंतरावांना आयुष्यात फारशी पत्रं आली नाहीत. जी आली त्यांना त्यांनी उलट टपाली उत्तरं पाठवली. लग्नपत्रिकेलासुद्धा ते उत्तर पाठवत, आणि पत्रिकेत चूक असेल तर तीही नम्रपणे कळवत. फक्त एका पत्राचं उत्तर राहिलं होतं. ते आंतरदेशीय पत्र त्यांनी घरी शब्दकोशात, 'प'च्या पानांत ठेवलं होतं. रोज जेवण झालं की ते उघडून वाचायचे आणि पुन्हा मिटून ठेवायचे.

"मॅनेजर साहेबास मनकर्णाबाईचा नमस्कार," असं त्यात लिहिलं होतं. "आमची मोटार बंद हाय. फोन केला तर बाई म्हणती तक्रार पूर्ण झाली. दुसऱ्यांदा केला तर एक बुवा म्हणतो तक्रार पूर्ण झाली. मोटार बंदच हाय. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तरी पूर्ण म्हंजे काय ते उलट टपाली कळवावं. भुईमुगाला आऱ्या सुटायल्यात, आता पाणी न्हाई तर शेंग न्हाई. शेजाऱ्यानं एक पाळी पाणी दिलं. दुसरी पाळी कुणी देणार न्हाई. मुक्काम पूर्णा."

त्यातला बुवा म्हणजे अनंतराव.

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्याआधी वीस वर्षं अनंतराव परभणीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निसटलेला काना, उलटी वेलांटी, हरवलेला अनुस्वार पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. छापखाना बंद पडला आणि त्यांनी पेपरात 'जलमोहिनी पंप' या कंपनीची जाहिरात पाहिली. 'पत्रव्यवहार व दूरध्वनी यांसाठी सुवाच्य अक्षर असलेला इसम पाहिजे.' पत्रव्यवहार हा शब्द आधी होता म्हणून त्यांनी अर्ज केला. दूरध्वनी या शब्दाकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. फोनची त्यांना भीती वाटत असे. समोर माणूस दिसत नाही आणि आवाज मात्र कानात, हा प्रकार त्यांना जरा अंगावर आल्यासारखा वाटायचा. म्हणून ते फोन नेहमी उभं राहून घ्यायचे.

कंपनीच्या मोटारी बिघडल्या की शेतकऱ्यांनी परभणीच्या या केंद्रात फोन करायचा आणि केंद्राने मेकॅनिक पाठवायचा, अशी योजना होती. केंद्र म्हणजे मोंढ्याजवळची, धान्यबाजाराला लागून असलेली एक खोली. त्यात दोन फोन. एकाची घंटा वाजत नसे, आणि दुसऱ्याच्या तबकडीला मॅनेजर बन्सीधर यांनी एक छोटं कुलूप लावलं होतं. नोकरांनी घरगुती फोन करू नयेत म्हणून. किल्ली बन्सीधरांच्या खिशात आणि बन्सीधर बहुधा चहाच्या हॉटेलात. त्यामुळे केंद्रात फोन येऊ शकत, केंद्रातून जाऊ शकत नसत.

बन्सीधरांनी पूर्वी एका सिनेमा थिएटरची तिकीट खिडकी सांभाळली होती. खिडकीसमोरचा माणूस लवकर पुढे सरकला पाहिजे, एवढं व्यवस्थापन त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक फोन तीन मिनिटांत संपला पाहिजे. चौथं मिनिट लागलं की ते लाकडी पट्टी टेबलावर आपटत. फोन उचलल्यावर काय म्हणायचं ते भिंतीवर लिहून लावलं होतं: 'नमस्कार. जलमोहिनी परिवारात आपले सहर्ष स्वागत. मी आपली काय सेवा करू?' त्याखाली दुसरी पाटी: 'या केंद्रात नाही हा शब्द चालणार नाही.' या वाक्यात तो शब्द चालला आहे, हे अनंतरावांना पहिल्याच दिवशी दिसलं. पण नवीन माणसाने बोलावं की नाही, या विचारात दोन महिने गेले.

दुसऱ्या टेबलावर पद्मजा बसायची. तिला कशाचीच भीती नव्हती.

"नमस्कार. जलमोहिनी परिवारात आपले सहर्ष स्वागत."

"कुणाचं लगीन हाय?" पलीकडून आवाज आला. "मी पंपवाल्याला फोन लावला व्हता."

"हौ, पंपवालेच. बोला मावशी."

"बोलून आठ दिस झाले की. पूर्णेहून मनकर्णाबाई बोलायलेय. पोस्टात उभी हाय. मोटार बघायला माणूस कवा येतो?"

पद्मजाने खिळ्याला अडकवलेली, बन्सीधरांनी रजिस्टरवरून उतरवलेली यादी पाहिली. "मावशी, तुमची तक्रार पूर्ण झालीय."

"कवा?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मी घरीच व्हते की! कोण आलं व्हतं? चहा कुणी पाजला त्याला?"

टेबलावर पट्टी आपटली. पद्मजाने फोन ठेवला आणि म्हणाली, "सर, बाई म्हणतेय कुणी आलंच नाही."

"यादीत काय आहे?" बन्सीधरांनी विचारलं.

"पूर्ण."

"मग बाईला माहीत नसेल. शेतात असेल."

चार दिवसांनी पुन्हा फोन आला. या खेपेला अनंतरावांनी उचलला. ते उभे राहिले, चष्मा सारखा केला आणि भिंतीकडे बघून वाचू लागले. "नमस्कार. जलमोहिनी परिवारात आपले..."

"सवागत नगं बुवा, मोटार बघा. भुईमूग मान टाकायलाय."

अनंतरावांनी यादी पाहिली. "आपली तक्रार... येथे पूर्ण असं नोंदलेलं आहे."

"तुमी बघितली का मोटार?"

"मी फोनवर असतो."

"मग पूर्ण कोण म्हणतो?"

या प्रश्नाला उत्तर 'ठाऊक नाही' असं होतं, पण 'नाही' हा शब्द चालत नव्हता. अनंतराव भिंतीवरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तीन मिनिटं संपली, पोस्टातला ट्रंक कॉल आपोआप तुटला आणि बन्सीधरांनी आनंदाने मान हलवली.

त्या दिवशी अनंतरावांनी धीर करून नोंद झाली की बन्सीधरांच्या कपाटात जाणारं रजिस्टर मागून घेतलं. मुख्य कचेरीने छापून पाठवलेलं हे रजिस्टर. तिथे सगळे फोन एकाच शहरातले, म्हणून त्यात गावाचा रकाना नव्हता. नाव, तक्रार, दिनांक आणि अगदी कडेला, दोन बोटांचा, शेरा. गाव कुठे लिहावं म्हणून अनंतराव ते शेऱ्यात लिहीत. चुडावा, येलदरी, पूर्णा. छापखान्याच्या सवयीने ते शब्द रकान्यात नेमका बसवत. ना इकडे जागा उरलेली, ना तिकडे.

त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं. 'पूर्णा'मधला शेवटचा काना छापील उभ्या रेघेवर पडला होता. अगदी तंतोतंत. रेघ ती रेघ, काना तोही रेघच. वाचणाऱ्याला दिसत होतं ते फक्त 'पूर्ण'. अशा एकोणीस ओळी. प्रत्येकीपुढे बन्सीधरांची लाल बरोबरची खूण.

वीस वर्षं दुसऱ्यांचे काने शोधले आणि स्वतःचा रेघेत घालवला! अनंतरावांना घाम फुटला. त्यांनी दस्ती काढून कपाळ पुसलं.

"काय झालं काका?" पद्मजाने विचारलं. त्यांनी दाखवलं. तिने एकदा पानाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. "म्हणजे चुडाव्याला माणूस जायलाय, येलदरीला जायलाय, अन् पूर्णेवाले सगळे आपोआप दुरुस्त!"

"हसू नका. सांगायला हवं."

"मग सांगा की."

"तुम्ही सांगता का?"

"अक्षर तुमचं हाय, काका."

हे खरं होतं. अनंतराव तीनदा उठले आणि दोनदा बसले. तिसऱ्यांदा ते बन्सीधरांच्या टेबलापर्यंत पोचले, पण बन्सीधरांच्या हातात तेव्हा मुख्य कचेरीची तार होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

"अनंतराव, आपण पहिले आलो! सगळ्या केंद्रांत पहिले! सर्वांत जास्त तक्रारी पूर्ण! काय म्हणत होता?"

"अभिनंदन," अनंतराव म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाईंचं ते पत्र आलं. पत्रव्यवहार अनंतरावांकडे होता, त्यामुळे उघडलं त्यांनीच. रात्री त्यांनी उत्तराला सुरुवात केली. 'पूर्ण म्हणजे' एवढं लिहिलं आणि शब्दकोश उघडला. त्यात सात अर्थ होते. एकही मोटारीला लागेना. त्यांनी पत्र तिथेच, त्या पानात ठेवलं.

गाडी आता थांबणारी नव्हती. मुख्य कचेरीतून दुसरं पत्र आलं. मोठे साहेब दिनकरराव स्वतः पहिल्या बक्षिसाची ढाल घेऊन येणार होते. आणि सर्वांत जास्त समाधानी ग्राहक ज्या गावात आहेत तिथेच समारंभ व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

"कोणतं गाव आहे हो ते?" बन्सीधरांनी विचारलं.

पद्मजा गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "पूर्णा, सर."

"वा! नावातच पूर्ण आहे!" बन्सीधर खूश झाले. "समाधानी ग्राहक मेळावा! येत्या रविवारी, पूर्णेच्या मोंढ्यात. अनंतराव, एकोणीस कार्डं घ्या. लिहा. समाधानी ग्राहक मेळाव्यास अगत्य येणेचे करावे. येताना आपला अनुभव सोबत आणावा. झालं. आजच्या टपालाने गेली पाहिजेत."

अनंतराव दुपारभर लिहीत बसले. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं. फक्त पहिल्या कार्डाच्या शेवटच्या ओळीशी पेन बराच वेळ थांबलं. पद्मजाला वाटलं शाई संपली. मग ते पुन्हा चालू लागलं, आणि पुढची अठरा कार्डं कुठेही न थांबता लिहून झाली. टपालपेटीत मात्र ती त्यांनी पद्मजाला टाकायला सांगितली.

रविवारी सकाळी केंद्राची मंडळी पॅसेंजरने पूर्णेला उतरली. बन्सीधरांनी उन्हाळ्यात कोट घातला होता. पद्मजाने काखेत रजिस्टर घेतलं होतं. का घेतलं ते तिला कुणी विचारलं नाही. केंद्राचा एकुलता एक मेकॅनिक मुंजाजी खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून मागून आला. तो पिशवीशिवाय कुठे जात नसे, जेवायलासुद्धा. मंडप बरा होता. सतरंज्या होत्या. व्यासपीठावर ढाल ठेवायला तिवई होती. दिनकररावांची गाडी तासाभराने येणार होती.

पहिली बैलगाडी आली तेव्हा बन्सीधर हात जोडून पुढे झाले. गाडीतून मनकर्णाबाई उतरल्या. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर पदर. त्यांच्यामागून दोन गडी काहीतरी जड उतरवू लागले.

"हे काय आहे?" बन्सीधरांनी विचारलं.

"मोटार."

"मोटार कशाला?"

"तुमीच सांगितलं की." मनकर्णाबाईंनी कनवटीची घडी उलगडून कार्ड काढलं आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं. "येताना. आपली. मोटार. सोबत. आणावी."

मागून आणखी एक गाडी आली. मग दोन. एकजण सायकलच्या कॅरिअरला दोरीने मोटार बांधून, सायकल ढकलत आला. तासाभरात सतरंजीवर एकोणीस मोटारी ओळीने मांडल्या गेल्या, आणि समाधानी ग्राहकांना बसायला जागा उरली नाही म्हणून ते आपापल्या मोटारीवर बसले.

"एकही चालू नाही?" बन्सीधरांनी हळूच विचारलं.

"चालू आसती तर गाडीत घालून आणली आसती का?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

नेमके तेव्हाच दिनकरराव आले. सफारी, हातात वेष्टनात गुंडाळलेली ढाल. ते मंडपाच्या दाराशी थांबले. "बन्सीधर, हे समाधानी ग्राहक?"

"साहेब, ते... हे कार्ड..." बन्सीधर कार्ड फडकवू लागले. "मी अनुभव सांगितला होता! अनुभव!"

दिनकररावांनी कार्ड घेतलं. "अक्षर सुरेख आहे. कोणाचं?"

अनंतराव उभेच होते, तरी आणखी उभे राहिल्यासारखे ताठ झाले. फोनवर समोरचा दिसत नाही म्हणून त्यांना भीती वाटायची. इथे समोर सगळेच दिसत होते. ते जास्त वाईट होतं.

"माझं," ते म्हणाले. "शब्दही माझेच. मॅनेजरसाहेबांनी अनुभव सांगितला होता. मी मोटार लिहिलं. ती... ती मुद्रणदोषाची दुरुस्ती समजावी."

"कसला दोष?"

पद्मजाने लगेच रजिस्टर उघडून पुढे धरलं. अनंतरावांनी बोट ठेवलं. दिनकररावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पूर्ण लिहिलंय."

"पूर्णा लिहिलंय, साहेब."

"काना कुठंय?"

"रेघेत."

"ही तर रेघ आहे."

"काना तिच्यातच आहे, साहेब. एकोणीस काने आहेत."

दिनकररावांनी नखाने रेघ वरपासून खालपर्यंत खरवडून पाहिली. शाई नखाला लागली. मग ते एकेक ओळ बोटाने मोजत गेले. अनंतरावांनी मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहून काढला. त्यात एक शब्द बदलला, मग तो पुन्हा पहिल्यासारखा केला.

"मेकॅनिक कोण आहे?" दिनकरराव म्हणाले.

"मी, साहेब." मुंजाजी पुढे आला.

"तू चुडाव्याला जाताना रोज इथूनच जातोस ना?"

"रोज जातो. ठेसनावर भजी बी खातो."

"मग या मोटारी?"

"चिठ्ठी चुडाव्याची आसती, साहेब. बिगर चिठ्ठीचं कसं उतरावं?" मुंजाजीने खाली बसून एक मोटार हाताने फिरवून पाहिली. मग दुसरी. तिसरी. "सगळ्याचा आतला बुश झिजून खलास झालाय. एकाच लॉटमधल्या हायत. नव्या बुशांचा डबा तर तीन महिन्यापासून माझ्या पिशवीतच हाय. वजनाला लय जड पडायलाय."

दिनकररावांनी ढाल तिवईवर ठेवली, सफारीच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "पाना दे."

"साहेब!" बन्सीधर पुढे धावले.

"मी बारा वर्षं फिटर होतो, बन्सीधर. भाषण तुम्ही करा. आम्ही खोलतो."

मग तो मेळावा झाला तसा पुन्हा कधी झाला नाही. शेतकरी नट-बोल्ट सोडवत होते, मुंजाजी आणि साहेब बुश बसवत होते, पद्मजा कोणती मोटार कोणाची ते खडूने लिहीत होती, आणि बन्सीधर व्यासपीठावरून ग्राहकांच्या समाधानावर बोलत होते. त्यांना थांबायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ते दीड तास बोलले. तिथे पट्टी आपटणारं कुणी नव्हतं. मनकर्णाबाईंची मोटार पहिली तयार झाली. मोंढ्याच्या हौदात पाइप सोडून ती चालू केली तेव्हा दुसरं टोक कुणी धरलं नव्हतं. व्यासपीठाकडे पाण्याची धार गेली आणि कोट अखेर उन्हाळ्याला साजेसा झाला.

"पडलं गं बाई पाणी!" मनकर्णाबाई ओरडल्या. त्यांनी गडबडीने मोटार गाडीत चढवली. आज दिवस मावळायच्या आत भुईमुगाला पाणी मिळणार होतं. गाडी निघता निघता त्या अनंतरावांजवळ थांबल्या.

"फोनवरचे बुवा तुमीच का?"

"हो. मीच. तुमच्या पत्राचं... मोटार चालू झाली, बरं झालं."

"मोटारीचं झालं. पण पत्राचं उत्तर राह्यलंय. मी मोटारीचं इचारलं नव्हतं, शब्दाचं इचारलं व्हतं." आणि बैल हलले.

पुढे महिनाभराने मुख्य कचेरीचं परिपत्रक आलं. सर्व केंद्रांनी दर तिमाहीस ग्राहक मेळावा घ्यावा व निमंत्रणात 'येताना मोटार सोबत आणावी' असे स्पष्ट लिहावे. या अभिनव कल्पनेबद्दल बन्सीधर यांची मुख्य कचेरीत बढतीवर बदली झाली. जाताना त्यांनी अनंतरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कल्पना मला आधीच सुचली होती, फक्त शब्द तुमचा होता." अनंतरावांना ते पटलं. निदान खोटं आहे असं ठामपणे सांगता येईना. तबकडीच्या कुलपाची किल्ली पद्मजाकडे आली आणि तिने कुलपासकट ती मुंजाजीच्या सायकलला देऊन टाकली. 'नाही चालणार नाही' ही पाटी अनंतरावांनी स्वतः काढली. पंख्याच्या वाऱ्याने पडली असं सांगितलं.

नवीन रजिस्टरंही आली. त्यात गावासाठी मोठा, ऐसपैस रकाना होता. शेऱ्याचा मात्र छापायचा राहिला होता.

"आता काका, पूर्ण कुठं लिहायचं?" पद्मजाने विचारलं.

अनंतरावांनी नवीन रजिस्टर मिटून ठेवलं. घरी जाऊन त्यांनी शब्दकोश उघडला, पत्र काढलं आणि एक पोस्टकार्ड पुढे घेतलं. पाच कार्डं फुकट गेली. सहावं असं होतं:

'श्रीमती मनकर्णाबाई यांस सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रास उत्तर देण्यास फार विलंब झाला, क्षमा असावी. पूर्ण म्हणजे काय, असे आपण विचारले होते. शब्दकोशात सात अर्थ आहेत. ते सर्व बरोबर असून आपल्या कामाचे नाहीत. मला वाटते, चुकतही असेन, की ज्याची तक्रार त्याने झाली म्हणावे, तेव्हा ती पूर्ण. आम्ही फक्त लिहून घ्यावे. तरी झाली किंवा कसे ते कळवावे. भुईमूग कसा आहे? कळावे. आपला, फोनवरचा बुवा.'

सकाळी केंद्रात जाताना ते स्टेशनरोडच्या टपालपेटीपाशी थांबले. कार्ड आत सरकवता सरकवता त्यांनी परत ओढून घेतलं आणि पत्ता तपासला. पूर्णा. कार्डाच्या मधली उभी रेघ त्या कान्यापासून चांगली दोन बोटं दूर होती. मागून आलेला एक गृहस्थ वाट बघत उभा होता. तरी अनंतरावांनी खिशातून पेन काढलं, पेटीच्या माथ्यावर कार्ड टेकवलं, तो काना आणखी एकदा गिरवला, आणि कार्ड पेटीत टाकलं.